केस सुटली म्हणजे नेमके काय झाले? घरकुल आणि प्लॉटच्या खटल्यांतून आपला धडा

ताईंनो, पेपरात एक बातमी दर काही महिन्यांनी येते. नाव बदलते, गाव बदलते, ओळ तीच असते: 'भूखंड वाटप प्रकरणात अमुक यांना कोर्टाचा दिलासा.' मग चावडीवर दोन गट पडतात. एक म्हणतो, "बघा, आमचे साहेब स्वच्छ होते." दुसरा म्हणतो, "कोर्टही मॅनेज झालं." आणि ज्या बाईचे नाव घरकुलाच्या यादीत आठ वर्षांपासून अडकले आहे, ती म्हणते, "माले काय करायचं त्याचं?"

मला वाटते, त्या बाईचा प्रश्न सगळ्यात बरोबर आहे. पण त्याचे उत्तर मिळवायचे तर आधी कोर्टाची भाषा थोडी समजून घ्यावी लागेल. 'दिलासा', 'मुक्तता', 'क्लीन चिट', 'जामीन' हे शब्द बातमीत एकाच मापाने वाटले जातात. प्रत्यक्षात त्यांचे अर्थ एकमेकांपासून खूप लांब आहेत. म्हणून या अंकाचा धडा कायद्याचा. बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी मध्येच थांबवून विचारावे.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. जळगावचे घरकुल प्रकरण आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे, पण बऱ्याच जणींना त्यातले एवढेच माहीत असते की 'मोठे लोक आत गेले होते'. जळगावला तेव्हा महापालिका नव्हती, नगरपालिका होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पालिकेने झोपडपट्टीतल्या आणि गरीब कुटुंबांसाठी ११ हजारांहून जास्त घरे बांधायची योजना आणली. पैसा हुडकोकडून कर्जाने घेतला. काम खानदेश बिल्डर्स या ठेकेदार संस्थेला दिले. घरे किती पूर्ण झाली? सुमारे दीड हजार. ठेकेदाराला मात्र कोट्यवधी रुपये बिनव्याजी आगाऊ दिले गेले होते. २९ कोटींचा घोटाळा म्हणून हे प्रकरण ओळखले जाते, तो हाच आकडा. शिवाय ज्या जागांवर घरे बांधायची, त्यातल्या जागांची मालकी आणि बिनशेती परवानगी यांचाही घोळ होता.

फेब्रुवारी २००६ मध्ये महापालिकेचे तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी पोलिसांत फिर्याद दिली. इथे थोडे थांबा. फिर्याद विरोधी पक्षाच्या कोणी दिली नव्हती, ती खुद्द पालिकेच्या अधिकाऱ्याने कागद तपासून दिली होती. तरीही पुढची सहा वर्षे प्रकरण रेंगाळले. मार्च २०१२ मध्ये माजी मंत्री सुरेश जैन यांना अटक झाली, मे महिन्यात तेव्हाचे राज्यमंत्री गुलाबराव देवकर यांना. खटला धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी न्यायाधीश सृष्टी नीलकंठ यांनी निकाल दिला. ४८ जण दोषी ठरले. जैन यांना ७ वर्षे कैद आणि १०० कोटी दंड, देवकर यांना ५ वर्षे. दोषींत बहुतेक जण आजी-माजी नगरसेवक होते.

शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपिले गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने जैन यांना नियमित जामीन दिला, आणि तेव्हा आपल्याकडे किती तरी जण म्हणाले, "सुटले". सुटले नव्हते. जामीन म्हणजे अपिलाचा निकाल लागेपर्यंत अटी पाळून बाहेर राहायची मुभा. अपराध केला की नाही, याबद्दल जामिनाचा आदेश शेवटचे काही सांगत नाही. तुमच्या गावातल्या कोणाला अटक होऊन चार दिवसांत जामीन मिळाला तर त्यावरून तो निर्दोष आहे किंवा दोषी आहे, दोन्ही बोलू नका.

आता या खटल्यातली एक गोष्ट आपल्याला जास्त लागू आहे, आणि तिच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. आरोपींच्या यादीत महिला नगरसेविकाही होत्या आणि त्यांनाही शिक्षा झाली. खटला ठरावांवर उभा होता: पालिकेच्या सभेत ठराव कोणी मांडले, मंजुरी कोणी दिली. आपल्यातल्या किती तरी जणी आज ग्रामपंचायत सदस्य आहेत. काही सरपंच आहेत. काहींच्या घरी रजिस्टर येते, मालक म्हणतात "इथं सही कर", आणि भाकरी थापता थापता पीठ पुसून सही होते. ती सही कोर्टात तुमचीच मोजली जाते. 'मला वाचायला दिले नाही' हे सांगता येते, पण ते सिद्ध करायला वर्षे लागतात. ठराव पटला नाही तर 'माझा विरोध आहे' असे सभेत बोला आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या. लिहून घेत नसतील तर तेच साध्या कागदावर लिहून ग्रामपंचायतीच्या आवक रजिस्टरला द्या आणि पोच घ्या. आपल्या गटाच्या इतिवृत्ताची सवय इथे कामाला येते. ज्या बाईला गटाचे कर्जरजिस्टर वाचता येते, तिला पंचायतीचे ठरावबुक वाचता येणार नाही असे मला कोणी सांगू नये.

जळगावात शिक्षा झाली. पण बऱ्याच प्रकरणांत आरोप टिकतच नाहीत. ते कसे पडतात, ते बघू.

आरोप पडण्याचे चार रस्ते

पहिला रस्ता पोलिसांचा. तपास करून पोलीस किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग कोर्टाला सांगतो की यात पुढे नेण्यासारखे काही नाही. आपल्या राज्यात याला समरी म्हणतात. 'अ' समरी म्हणजे गुन्हा घडला पण आरोपी किंवा पुरावा सापडत नाही. 'ब' म्हणजे फिर्यादच खोटी, द्वेषाने केलेली. 'क' म्हणजे गैरसमजातून झालेली तक्रार, किंवा भांडण दिवाणी आहे. हा फक्त तपास यंत्रणेचा अहवाल असतो. तो मान्य करायचा की नाही ते न्यायाधीश ठरवतात, आणि त्याआधी फिर्यादीला नोटीस द्यावी लागते. फिर्यादी कोर्टात उभी राहून म्हणू शकते की मला हे मान्य नाही, पुन्हा तपास करा.

मुक्ताईनगरात याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. भोसरीच्या जमिनीचे प्रकरण सगळ्यांच्या तोंडी आहे. ती जमीन एमआयडीसीशी संबंधित, पुण्याजवळची. घरकुलाशी तिचा संबंध नाही, पण रस्ता समजायला उपयोगी आहे. त्या व्यवहारावरून २०१६ मध्ये एकनाथ खडसे यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे गुन्हा दाखल झाला. २०१८ मध्ये लाचलुचपत विभागाने कोर्टात प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. तेव्हा तालुक्यात अर्ध्या लोकांना वाटले विषय संपला. २०२२ मध्ये त्याच विभागाने पुन्हा तपास करायचे म्हटले. आपण काही गैर केले नाही असे खडसे यांचे म्हणणे आहे, आणि त्याचा निवाडा कोर्टाने करायचा, मी किंवा तुम्ही नाही. आपण एवढेच शिकायचे की समरी म्हणजे निकाल नव्हे. दोन अहवालांच्या मध्ये राज्यातली सरकारे किती वेळा बदलली, ते तुम्हीच मोजा.

दुसरा रस्ता उच्च न्यायालयाचा. गुन्हाच रद्द करा, किंवा खटला चालवायला दिलेली मंजुरी रद्द करा, असा अर्ज आरोपी करतो. मुंबईच्या कुलाब्यातली आदर्श सोसायटी आठवते ना? सरकारी जमिनीवरची ३१ मजली इमारत. तिथल्या फ्लॅटांवरून नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना पद सोडावे लागले. सीबीआयने गुन्हा दाखल केला. पण त्यांच्यावर खटला चालवायला राज्यपालांची मंजुरी हवी होती. २०१३ मध्ये तेव्हाच्या राज्यपालांनी नाही म्हटले. फेब्रुवारी २०१६ मध्ये नव्या राज्यपालांनी हो म्हटले. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती मंजुरी रद्द केली. कारण? आधी नकार दिल्यावर मत बदलायचे तर त्याला कोर्टात टिकेल असा नवा पुरावा हवा, आणि सीबीआयकडे तसा पुरावा नव्हता. बातमी 'चव्हाणांना दिलासा' अशीच आली. आणि ती खरीच होती, फक्त तिच्यात साक्षीदार तपासलेले नव्हते.

तिसरा रस्ता आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचा. याला आरोपमुक्ती किंवा दोषमुक्ती म्हणतात. आरोपपत्र आले, पण खटला सुरू होण्याआधीच आरोपी कोर्टाला म्हणतो, "या कागदांवर माझ्याविरुद्ध खटला उभाच राहत नाही, मला मोकळे करा." न्यायाधीशांना पटले तर ते मोकळे करतात.

तमिळनाडूत अगदी घरांच्या प्लॉटवरूनच असे झाले. तिथे आपल्या म्हाडासारखे गृहनिर्माण मंडळ आहे. २००८ च्या सुमारास आय. पेरियासामी हे गृहनिर्माण मंत्री होते. चेन्नईजवळच्या मोगप्पैर भागातला मंडळाचा एक मोठा प्लॉट सरकारच्या स्वेच्छाधिकार कोट्यातून एका पोलीस निरीक्षकाला मिळाला. हा निरीक्षक मुख्यमंत्र्यांच्या सुरक्षेत होता. आरोप असा की नियम बाजूला ठेवून घाईघाईने प्लॉट दिला. सरकार बदलल्यावर २०१२ मध्ये गुन्हा दाखल झाला. पुन्हा सरकार बदलले, पेरियासामी पुन्हा मंत्री झाले, आणि मार्च २०२३ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले.

कोर्टाने काय म्हटले? प्लॉट बरोबर दिला असे म्हटले नाही. चुकीचा दिला असेही नाही. म्हटले ते एवढेच, की खटल्याची मंजुरी विधानसभेच्या अध्यक्षांनी दिली होती आणि ती राज्यपालांनी द्यायला हवी होती.

हे समजायला आपल्या गटाचे उदाहरण घ्या. एका सदस्येवर आरोप आला की तिने हप्त्याचे पैसे भरलेच नाहीत. सभा बोलावली. सभेत कोणीतरी उठून म्हटले, "कोरम नाही, ही सभाच चालत नाही." सभा उठली. आता तुम्ही सांगा, पैसे भरले होते की नव्हते? त्या सभेने यातले काहीच ठरवले नाही. कोरम करून पुन्हा सभा घेता येते. कोर्टातही तसेच आहे. मंजुरी चुकीची होती म्हणून केस पडली तर योग्य अधिकाऱ्याची मंजुरी आणून ती पुन्हा उभी करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात हेच सांगितले.

तमिळनाडूच्या प्रकरणात पुढे आणखी वेगळे घडले. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी कोणी अर्ज न करता स्वतःहून ते कागद मागवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी आरोपमुक्तीचा आदेश रद्द केला आणि खटला रोज चालवायला सांगितले. मंत्री सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणजे २००८ चा प्लॉट, २०२४ उजाडले, आणि 'वाटप नियमाने झाले का' या प्रश्नावर अजून साक्षीपुरावा व्हायचाच होता.

चौथा रस्ता निर्दोष मुक्ततेचा. खटला पूर्ण चालला, साक्षीदार आले, उलटतपासणी झाली, आणि गुन्हा संशयापलीकडे सिद्ध झाला नाही. हा खरा निकाल. यानंतर त्याच गुन्ह्यासाठी त्या माणसावर पुन्हा खटला चालत नाही, सरकारने अपील केले तरच पुढे. अशा माणसाला 'चोर' म्हणत फिरायचे नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नाही, कारण बदनामीचा दावा तुमच्यावर येऊ शकतो. कधी कधी आरोप मुळातच राजकारणातून केलेला असतो, सरकार बदलले की फायली उघडतात आणि पुन्हा बदलले की बंद होतात. तेव्हा सुटलेला प्रत्येक माणूस पैसे देऊन सुटला, असे बोलणेही अन्यायच.

मंजुरी लागतेच कशाला?

एका ताईंनी मला विचारले होते, "आपल्यावर केस करायला कोणाची परवानगी लागत नाही, मग त्यांच्यावर का लागते?" प्रश्न रास्त आहे. कायदा असे मानतो की सरकारी नोकर रोज शंभर निर्णय घेतो. नाराज झालेला प्रत्येक जण कोर्टात जाऊ लागला तर प्रामाणिक अधिकारी सहीच करणार नाही. म्हणून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ प्रमाणे खटल्याआधी वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. २०१८ पासून कलम १७-अ आले. अधिकाऱ्याने घेतलेल्या निर्णयाबद्दल चौकशी सुरू करायलाही आधी परवानगी लागते. मात्र लाच घेताना रंगेहाथ पकडला तर ही आधीची परवानगी लागत नाही.

माझे मत विचाराल तर संरक्षण असावे. पण मंजुरीची फाइल वर्षानुवर्षे कोणाच्या टेबलावर पडून राहणार असेल, तर ते संरक्षण प्रामाणिक माणसापेक्षा दुसऱ्याच्याच जास्त कामी येते. पेपरात 'तांत्रिक कारणावरून केस फेटाळली' असे वाचले की पहिला प्रश्न हा विचारा: मंजुरीत चूक कोणाची होती, आणि ती आता दुरुस्त करणार का?

मग घर कोणाला मिळाले?

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येते. फौजदारी कोर्ट एवढेच विचारते: या माणसाने गुन्हा केला का? प्लॉट कोणाच्या हक्काचा होता, हे तिथे मुख्य नसते. म्हणून दोन गोष्टी घडतात आणि दोन्ही आपल्याला विचित्र वाटतात.

एक, माणूस सुटतो तरी वाटप बेकायदा असू शकते. फौजदारी केस पडली म्हणून चुकीचा प्लॉट आपोआप कायदेशीर होत नाही. ते वाटप रद्द करायचा अर्ज सरकारकडे किंवा उच्च न्यायालयात वेगळा करता येतो. तिथे 'गुन्हेगार कोण' हे सिद्ध करायची गरज नसते, 'नियम मोडला' एवढे दाखवले तरी पुरते. कर्मचाऱ्याची खातेनिहाय चौकशी वेगळी. सरपंच किंवा सदस्याने गैरवर्तन केले तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली पद जाऊ शकते, ते वेगळे. एक दार बंद झाले तर बाकीची उघडी आहेत का, ते बघायचे असते.

दुसरी गोष्ट जास्त कडू आहे. माणसाला शिक्षा होते तरी घर मिळत नाही. धुळ्याच्या कोर्टाने ४८ जणांना दोषी ठरवले, पण त्या निकालाने जळगावात न बांधलेली घरे उभी राहिली नाहीत. हुडकोच्या कर्जाचे ओझे मात्र महापालिकेवर पुढे कित्येक वर्षे राहिले, म्हणजे ते शहरातल्या करदात्यांवर, त्यांच्या रस्त्यांवर आणि गटारींवर पडले. घराची वाट बघणाऱ्या बायका त्या खटल्यात पक्षकार नव्हत्याच. त्यांची नावे कुठल्याच निकालपत्रात नाहीत.

म्हणून घराची लढाई आधी लढायची असते. यादी होताना, ठराव होताना. खटल्यापर्यंत गोष्ट गेली म्हणजे आपल्या दृष्टीने उशीर झालेला असतो.

आपल्याकडे आज प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण चालते. सपाट भागात घराला १ लाख २० हजार, हप्त्याहप्त्याने, थेट तुमच्या बँक खात्यात. शौचालयाचे १२ हजार वेगळे, आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. घर किमान २५ चौरस मीटरचे. मंजुरी बाईच्या नावाने किंवा नवराबायकोच्या जोड नावाने करायची असते, तेव्हा फक्त मालकांचे नाव लागले असेल तर विचारा. ज्यांना स्वतःची जागाच नाही त्यांच्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. आधी तिच्यात ५० हजारांपर्यंत मिळायचे, नंतर ती मर्यादा १ लाख केली. अंतुर्ली, कुऱ्हा, चांगदेव, कुठल्याही गावात गेले तरी मला या दुसऱ्या योजनेबद्दल 'आम्हाला कोणी सांगितलंच नाही' असे ऐकायला मिळते. गावठाणातली जागा कोणाला द्यायची यावरूनच तर घोळ होतात.

यादीवर हक्क सांगायची जागा म्हणजे ग्रामसभा. कोरम १५ टक्के मतदार किंवा १००, यातले जे कमी असेल ते. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असे कायदाच सांगतो. ती झाली असे कागदावर दाखवतात आणि प्रत्यक्षात कोणाला माहीत नसते. आपल्या ग्रामसंघात चाळीस-पन्नास बाया सहज जमतात. महिला सभेच्या दिवशी तेवढ्याच जमल्या आणि कोणाचे नाव का वगळले, कोणाचे पक्के घर असून नाव का आले, हे विचारून ठरावात लिहून घेतले, तर ते काम नंतरच्या कुठल्याही खटल्यापेक्षा लवकर फळ देते.

कागद दाखवत नाहीत? माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखाली असाल तर फुकट. अर्जात 'घोटाळ्याची माहिती द्या' असे लिहू नका, ते काही देणार नाहीत. नेमके मागा: अमुक तारखेच्या ग्रामसभेच्या ठरावाची प्रत, घरकुलाची प्रतीक्षा यादी, अपात्र ठरवलेल्यांची यादी कारणांसह, वाटलेल्या जागांचे नमुना ८ चे उतारे. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील.

आणि हप्ता सोडायला कोणी पैसे मागितले तर? हे जास्त नाजूक आहे, कारण 'देऊन टाक, काम होतंय ना' असे घरचेच सांगतात. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही गुन्हा आहे. पण ज्याच्यावर जबरदस्ती झाली त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा लाचलुचपत विभागाला कळवले, तर त्याला गुन्हेगार धरत नाहीत. पैसे देण्याआधीच विभागाला कळवले तर उत्तमच, मग सापळा लावता येतो आणि खटल्यात पुरावा घट्ट राहतो. टोल फ्री नंबर १०६४. गटाच्या रजिस्टरच्या मागच्या पुठ्ठ्यावर आजच लिहून ठेवा. फोन करताना एकटीने करायची भीती वाटत असेल तर गटातल्या दोघीतिघी सोबत बसून करा. तक्रारीनंतर 'तुमचे घरकुल रद्द करतो' अशी धमकी आली तर तीही तारखेसह लिहून ठेवा आणि त्याच विभागाला सांगा.

पुढच्या बैठकीसाठी काम असे: प्रत्येक ग्रामसंघाने आपल्या ग्रामपंचायतीच्या मागच्या दोन ग्रामसभांच्या घरकुल ठरावांच्या प्रती मागायच्या. मिळाल्या तर घेऊन यायच्या, नाही मिळाल्या तर मागणी अर्जाची पोच घेऊन यायची. ठराव कसा वाचायचा, सूचक आणि अनुमोदक कोण ते कुठे बघायचे, आणि सह्यांच्या रकान्यात मधे जागा मोकळी सोडलेली असेल तर काय विचारायचे, हे आपण तेव्हा खऱ्या कागदावर बघू. ज्या ताई स्वतः पंचायत सदस्य आहेत त्यांनी आपल्या सह्या असलेले ठराव आणले तर जास्त चांगले.